भक्तवेतन म्हणजे भक्तांचा पगार नव्हे

प्रश्न विचारणारे आयटीत आहेत, बाणेरला राहतात, संस्कृत हौसेनं शिकतायत, बायको धारवाडची. शब्द अडला की ते आधी मराठीत त्याच्यासारखा शब्द शोधतात, नाही मिळाला तर बायकोला कन्नडमध्ये विचारतात आणि त्यावरून अर्थ लावतात. या रीतीनं त्यांनी ऋग्वेदातलं ‘यवस’ म्हणजे जवस असं ठरवून टाकलं, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘भक्तवेतन’ आलं तिथे अडले, आणि ‘मृग’वरून तर घरात वाजलंच, हे म्हणतात हरीण, बायको म्हणते कुठलाही प्राणी. आता विचारतायत की ही पद्धत बरोबर आहे का, की नुसता टाइमपास.

टाइमपास अजिबात नाही. पण तुमचा एक शब्द चुकलाय, एकावर उत्तर तुमच्या ताटात होतं तरी दिसलं नाही, आणि तिसऱ्यात बायको बरोबर आहे, ते आधी घरी सांगून टाका.

मी पुण्यातच संस्कृत कोशाच्या कामात तीसेक वर्षं काढली. येरवड्याला डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. कत्रे यांनी जो मोठा ऐतिहासिक कोश सुरू केला, ज्याचा पहिला भाग यायला १९७६ उजाडलं, त्याची पद्धत ज्यांना माहितीये त्यांना कळेल की अशा कामात माणूस शब्दाकडे कसा बघायला लागतो. साधारण दीड हजार ग्रंथ, कोटीच्या घरात स्लिपा, म्हणजे शब्द कुठल्या ओळीत आला ते लिहिलेल्या चिठ्ठ्या. एकेका शब्दाच्या स्लिपा काळाप्रमाणे लावायच्या आणि बघत बसायचं की हा शब्द कुठे, कुणाबरोबर, काय करतोय. आजची भाषा तिथे येते ती साक्षीदार म्हणून, न्यायाधीश म्हणून नाही. आणि साक्षीदारांतही फरक असतो, एक स्वतः डोळ्यांनी बघितलेला आणि एक ऐकीव सांगणारा.

भक्तवेतनापासूनच सुरू करते. आज ‘भक्त’ म्हटलं की आपल्याला वारकरी दिसतो, त्यामुळे भक्तवेतन म्हणजे भक्तांना पगार की काय असं वाटतं, एका हुशार विद्यार्थिनीनं मला खरंच विचारलं होतं की मौर्यांच्या काळी देवळातल्या भक्तांना पगार होता का. तर नाही. भज् म्हणजे वाटून देणं, भक्त म्हणजे वाट्याला आलेलं, मग वाट्याला आलेलं अन्न, शिजवलेलं अन्न, आणि मग तांदूळ. प्राकृतात ते भत्त झालं आणि मराठीत भात. क्त चा त्त, आणि मग एक त गळाला की आधीचा स्वर लांब, सप्त-सत्त-सात, रक्त-रत्त-राता तसंच हे. म्हणजे भक्तवेतन हे शिधा आणि पगार, नोकराला जेवण वर रोख. तुम्ही रोज वरण-भात खाता त्यातच हा अर्थ होता, पण तुम्ही ‘भक्त’ला ‘भक्त’च शोधत बसलात.

हा मुद्दा नीट धरा कारण बाकी सगळं यावर आहे. मराठीत संस्कृतातून शब्द दोन वाटांनी आले. एक वाट तोंडातोंडी, आजीकडून नातीकडे, हजारो वर्षं झिजत झिजत, भात, सूप, जू, उखळ, फाळ असे. दुसरी वाट पोथीतून, पंडितानं उचलून तसाच्या तसा ठेवलेला, भक्त, शिक्षा, संसार, चेष्टा असे. दिसायला दुसरा शब्द संस्कृतच्या जवळचा वाटतो म्हणून लोक त्यावर विश्वास ठेवतात आणि नेमके तिथेच फसतात, कारण पोथीतून उचललेल्या शब्दाला नव्या घरात कुणी काहीही काम सांगतं. चेष्टा म्हणजे मूळ नुसती हालचाल, धडपड, बंगाल्यानं त्याचा प्रयत्न केला आणि आपण केली टिंगल. शिक्षा आपल्याकडे छडी, हिंदीत शाळा. अर्थशास्त्रात किंवा स्मृतींमध्ये ‘साहस’ दिसलं तर तो गडावर चढायचा ट्रेक नसतो, उघडउघड बळजबरीचा गुन्हा असतो, आणि त्याला दंड असतो. उपन्यास हिंदीत कादंबरी, कन्नडमध्ये व्याख्यान, बायकोला विचारा. झिजलेला शब्द मात्र सहसा वस्तूला चिकटून असतो, सुपानं पाखडायचंच असतं, दुसरं काय करणार.

पण लगेच याचा नियम करू नका, कारण मृग हा कन्नडमध्ये पोथीतूनच गेलाय आणि तरी बायको बरोबर आहे. कन्नड, तमिळ, मल्याळममध्ये तो शब्द ज्या काळी गेला त्या काळचा अर्थ तिथे मुरांब्यासारखा टिकला. तिकडे प्राणिसंग्रहालयाला मृगालय म्हणतात, मल्याळममध्ये मृगशाला, तिथे काय नुसती हरणं असतात का? ऋग्वेदात विष्णूला ‘मृगो न भीमः कुचरो गिरिष्ठाः’ म्हटलंय (१.१५४.२, म्हणजे मंडल, सूक्त, ऋचा), डोंगरात फिरणारा भयंकर मृग, आता हरणाला कोण भितं. आणि मरुतांना ‘मृगा इव हस्तिनः’ (१.६४.७), म्हणजे हात असलेले मृग, हत्ती. फारसीत याचा भाऊ मुर्ग, तो पक्षी झाला, आणि पुढे आपल्याकडे ताटात येऊन पडला. आणि खरं सांगू का, मराठीतही हा जुना अर्थ शिल्लक आहेच, आपण बघत नाही एवढंच. मृगराज म्हणजे सिंह, तो काय हरणांपुरता राजा? शाखामृग म्हणजे माकड. मृगया म्हणजे शिकार. सुटा शब्द बदलतो, समासात अडकलेला बिचारा तसाच राहतो.

हेच मला एकदा चांगलं महागात पडलंय. नवीन होते, रघुवंशाच्या अकराव्या सर्गावर काम चाललेलं, राम ताटकेला मारतो तिथे ओळ आहे, ‘तां विलोक्य वनितावधे घृणां पत्रिणा सह मुमोच राघवः’. डोक्यात हिंदी घृणा, म्हणून मी स्लिपेवर बिनधास्त ‘तिरस्कार’ लिहिलं. सरांनी स्लिप हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “अगं, मग पेपरात निर्घृण खून असं छापतात तो काय प्रेमानं केलेला असतो?” मी गप्प. घृणा नसलेला तो निर्घृण, आणि निर्घृण म्हणजे दयामाया नसलेला, म्हणजे घृणा म्हणजे दया. रामानं बाण सोडला आणि त्याबरोबर, बाईला कसं मारायचं ही दया पण सोडली. तिरस्कार सोडला असता तर बाण कशाला सोडला असता. अमरकोशात ‘जुगुप्साकरुणे घृणे’ असे दोन्ही अर्थ दिलेत हे खरंय, त्यामुळे किळस हा अर्थ कुणाच्या घरचा नाही, पण या ओळीत काय हे ओळच सांगते, आणि मला तिकडे वळवलं ते सकाळ-संध्याकाळ वाचलेल्या मराठी बातमीनं. ती स्लिप मी फाडली नाही, ठेवलीये घरी.

आता तुमचं यवस. इथे गंमत अशी की आवाजाच्या बाजूनं तुम्ही बरोबर आहात. सुरुवातीच्या य चा ज होतो, यव-जव, युग-जू, तसं यवस-जवस अगदी नियमात बसतं. पण ऋग्वेदात सोमाला म्हटलंय की आमच्या हृदयात रम, ‘गावो न यवसेष्वा’ (१.९१.१३), गाई यवसात रमतात तशा. गाई काय जवसाच्या चटणीत रमतात? यवस म्हणजे चारा, गवताचं कुरण. शब्द कदाचित तोच असेल, पण मधल्या वाटेत त्यानं वस्तू बदलली. म्हणून नुसतं ध्वनी जुळले म्हणून अर्थ जुळत नाही, जिथे शब्द आलाय तिथे तो अर्थ बसून बघायचा, आणि शक्य तर दुसऱ्या ठिकाणीही. असंच सातूचं. मंडईत सातू मागितला तर तुम्हाला अख्खे जव पण मिळतील आणि पीठ पण, पण ‘सक्तुमिव तितउना पुनन्तो’ (१०.७१.२) मध्ये सक्तु हे पीठच असायला हवं, कारण शहाणे लोक चाळणीनं सातू चाळावा तशी भाषा चाळून घेतात असं तिथे म्हटलंय. तितउ म्हणजे चाळणी, आणि हा शब्द मात्र आपल्याकडे अजिबात उरला नाही, त्यामुळे मराठीकडून तितउला काडीची मदत नाही. जिथे मदत नाही तिथे ओढूनताणून आणू नये.

आता माझा आवडता. ‘खले न पर्षान् प्रति हन्मि भूरि’, ऋग्वेद १०.४८.७, इंद्र बोलतोय, खलावर पर्ष झोडावेत तसा मी पुष्कळांना झोडतो. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या सगळ्यात जुन्या यादीत, ‘खले’ हा शब्द लढाईच्या नावांत घातलाय. या यादीवर भाष्य लिहिणारा यास्क त्याच्या निरुक्त या ग्रंथात तेच सांगतो आणि वर धातूपासून व्युत्पत्ती देतो. पण सासवडकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, खळं म्हणजे काय, तो तुम्हाला जागा दाखवेल. दोन स्वरांमधल्या एकट्या ल चा मराठीत ळ होतो, खल-खळं, बिनचूक. माझे सासरे खळ्याबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत, जमीन शेणानं सारवून टणक करायची, मधे तिवडा रोवायचा, त्याला बैलांची पात जुंपायची, बाजरीची कणसं पसरायची आणि बैल फिरवायचे, आणि थोडंच असलं तर पेंढी हातात घेऊन आपटायची. “पेंढी आपटताना दाणे कसे चौफेर उडतात, बघितलंयस का कधी?” असं ते विचारायचे. मी वाड्यात वाढलेली, कुठून बघणार. पण ही ओळ मला त्या दिवशी कळली. पर्ष हा शब्द ऋग्वेदात पुन्हा येत नाही, त्याचा अर्थ पेंढी हा या चित्रातूनच येतो, खळ्यावर जे आपटतात ते.

मग निघंटू चूक का? इथे बायकोला बोलवा. कन्नडमध्ये खळ्याला कण म्हणतात आणि कन्नड पेपरात निवडणूक आली की ‘चुनावणा कण’ छापून येतं, म्हणजे निवडणुकीचा आखाडा. तमिळमध्ये कळम् म्हणजे खळंही आणि रणांगणही, आणि जुन्या तमिळ युद्धकवितेत रणभूमीला खळ्याची उपमा येते, मुडद्यांच्या राशी धान्याच्या राशीसारख्या. म्हणजे खळं आणि लढाई हे दोन अर्थ एकाच जागी राहू शकतात हे आपल्या शेजारीच जिवंत आहे. संस्कृत खल द्राविडातून आला की नाही यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि या ओळीसाठी ते ठरायची गरजही नाही. यादी करणारानं उपमेतला खल उचलून थेट लढाई केली असेल, किंवा त्याच्या कानावर तो दुसरा अर्थ खरंच असेल. मला पहिलं जास्त पटतं, कारण ओळीत ‘न’ आहे, आणि वेदात असा ‘न’ म्हणजे ‘सारखा’, म्हणजे खळं इथे उपमान आहे, लढाईसारखी लढाई कोण म्हणेल.

वासला या सुतारी हत्याराचंही असंच आहे. ८.२९.३ मध्ये एका देवाचं नाव न घेता कोडं घातलंय, ‘वाशीमेको बिभर्ति हस्त आयसीम्’, एक जण हातात लोखंडाची किंवा तांब्याची म्हणा, धातूची वाशी धरतो. निघंटूत वाशी आहे ती वाणीच्या नावांत! मग देवानं धातूची वाणी हातात धरली म्हणायचं का. भाषांतरांत कुणी कुऱ्हाड करतं, कुणी सुरी. माझ्या घराच्या खाली शुक्रवारात एक सुतार होते, आता दुकान बंद झालं, त्यांच्याकडे एक हत्यार होतं, कुऱ्हाडीचं पातं दांड्याच्या रेषेत असतं तसं नाही, कुदळीसारखं आडवं, आणि ते स्वतःकडे ओढून लाकडाची साल छिलत जायचे. म्हटलं याला काय म्हणता, तर म्हणाले वाकस म्हणतात, आमचे वडील वासला म्हणायचे. हिंदीत बसूला, गुजरातीत वांसलो, पालीत वासी. म्हणजे चार ठिकाणचे चार साक्षीदार, एकमेकांना न भेटता, एकच हत्यार दाखवतायत. आणि कोड्यातला देव कोण, तर त्वष्टा, देवांचा सुतार. १०.१०१.१० मध्ये वाशीनं ‘तक्षत’, छिला, असंच क्रियापद आहे. सुतार, छिलणं, वासला, आता अजून काय पाहिजे. अशा वेळी मी टीकाकार बाजूला ठेवून सुताराचं ऐकते.

हे काही आमचं आधुनिक डोकं नाही हां. यास्कानंच केलंय. तो म्हणतो की शवति हे जाणं या अर्थी फक्त वायव्येकडच्या कांबोज लोकांत बोलतात, आर्य लोक त्यातलं शव म्हणजे प्रेत एवढंच वापरतात, आणि कापणे या अर्थी दाति पूर्वेकडे, दात्र उत्तरेकडे. पंजाबीत आजही विळ्याला दात्री म्हणतात आणि गुजरातीत दातरडुं. व्याकरणकार पतंजलीनं महाभाष्यात हेच परत सांगितलंय. आणि मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचं शास्त्र करणाऱ्यांनी, तर या प्रश्नावर कोर्टच भरवलं होतं. यव म्हणजे जव की प्रियंगू हे दुसरं धान्य, वराह म्हणजे डुक्कर की काळा पक्षी, वेगवेगळे लोक वेगवेगळं म्हणतात, मग कुणाचं ऐकायचं? त्यांचे भाष्यकार शबरस्वामी यांचं उत्तर, शास्त्रात जे वर्णन येतं त्यावरून ठरवा. बाकी झाडं सुकतात तेव्हा हे यव आनंदानं उभे असतात असं वाक्य आहे, म्हणजे जवच. डुकराच्या मागे गाई धावतात असं वाक्य आहे, म्हणजे पक्षी नाही. आणि ज्या शब्दाचा अर्थ आर्यांत कुणालाच माहीत नाही, पिक (कोकीळ), नेम, तामरस (कमळ) वगैरे, तिथे म्लेंच्छ जे सांगतात तेच घ्या, धातू खणत बसू नका. मला हे फार मोठं मन वाटतं, आज एवढं कोण म्हणतं.

त्यातला ‘नेम’ तर मजेशीर. नेम म्हणजे अर्धा. यास्कही नेम म्हणजे अर्धा म्हणतो. इराणी बाजूला तो जिवंत राहिला, फारसीत नीम झाला, आणि फारसीतून मराठीत निम्मा होऊन परत आला. तुम्ही वडापाव निम्मा-निम्मा करता तेव्हा जो शब्द तोंडात असतो तो वेदातल्या नेमचा चुलतभाऊ आहे, पण आला इराणच्या रस्त्यानं. त्यामुळे निम्म्यावरून मराठी परंपरा वैदिक वगैरे कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

आणि आता धोक्याचं. कुमारिल भट्ट या मीमांसकानं सातव्या शतकाच्या आसपास तंत्रवार्तिकात अशा लोकांची जी खेचलीये ती वाचून मी एकटीच हसत बसले होते. तो म्हणतो, द्राविड लोक भाताला चोर् म्हणतात, की आपले पंडित लगेच शेवटी अ लावून चोर करतात. वाटेला अतर् म्हणतात, की हे म्हणणार बरोबर आहे, पार करायला अवघड म्हणून अ-तर. सापाला पाप् म्हणतात, की वा वा, साप पापीच असतो. पोटाला वैर् म्हणतात, की भुकेला माणूस वाईट काम करतो म्हणून पोट हे वैरीच. आजच्या तमिळमध्ये हे शब्द सोरु, पांबु, वयिरु असे ओळखू येतात. तेराशे वर्षांपूर्वीचं आहे हे, आणि आपल्या फॅमिली ग्रुपवर जे फॉरवर्ड येतात ना, अमुक इंग्रजी शब्द संस्कृतच आहे, तमुक गावाचं नाव अमुक ऋषीवरून, त्यात काय वेगळं असतं? अर्थ जुळवता येतो हीच तर भीती आहे, चोर आणि भात सुद्धा जुळवता येतो, घातली एक गोष्ट की झालं. म्हणून मी आधी आवाजाचा नियम बघते, तो नियम दुसऱ्या पाच शब्दांना लागतो का बघते, मग जुन्या ओळीत बसवून बघते, मग एक तरी बहीण-भाषा साक्ष देते का. अर्थ किती सुंदर निघाला हे सगळ्यात शेवटी, आणि फार सुंदर निघाला तर परत पहिल्यापासून.

तुमच्या यादीत आणखी एक शब्द होता, ४.५७ मधला ‘कीनाश’. नांगर, फाळ, बैल यांचं ते सूक्त, लाङ्गल म्हणजे नांगर, फाल म्हणजे फाळ, मराठी माणसाला अर्ध्याहून जास्त तसंच कळतं. तिथे कीनाश हा बैलांबरोबर चालणारा नांगऱ्या आहे. नंतरच्या संस्कृतात मात्र कीनाश म्हणजे यम, आणि कंजूष सुद्धा. नांगऱ्याचा यम कसा झाला हे मराठी सांगत नाही. धारवाडच्या सासुरवाडीत कुणी शेती करणारं जुनं माणूस असेल तर गेल्यावर त्यांच्या औताच्या एकेका भागाचं नाव लिहून आणा, नांगराचं, जुवाचं, पराणीचं, वादीचं, आणि शब्दाबरोबर वस्तूचा फोटो पण काढा, नुसता शब्द आणलात तर त्याचा मला काही उपयोग नाही.